एक प्रिंटर, दोन टेबलं: खानापूर तालुक्यातल्या एका दुकानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

दोन संगणकांत एकच प्रिंटर कसा वापरायचा, असा प्रश्न पडलेलं हे दुकान बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, आठवडी बाजाराच्या एका गावात आहे. गावाचं, दुकानाचं आणि माणसांचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज आणि डीटीपी (संगणकावर छपाईची पानं जुळवणं) अशी तिन्ही कामं एकाच गाळ्यात होतात. दुकान चालवतात दोघं, वहिनी आणि त्यांचे धाकटे दीर. थोरले भाऊ बेळगावात उद्यमबागेला कारखान्यात कामाला जातात, त्यामुळे दुकानाचा रोजचा भार या दोघांवरच.

वहिनींचं टेबल दाराशी. जात-उत्पन्नाच्या दाखल्यांचे नाडकचेरीचे (कर्नाटकातल्या महसूल कचेरीचे) अर्ज, पहाणी उतारे (सातबारासारखे जमिनीचे उतारे), शिष्यवृत्तीचे फॉर्म, प्रतिज्ञापत्रं ही त्यांची कामं. गिऱ्हाईक मराठी असो की कन्नड, कागद बहुतेक कन्नडमधलाच. दिरांचं टेबल आत, प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, यात्रा कमिटीची पावतीपुस्तकं, भजनी मंडळाची पत्रकं ते जुळवतात. त्यांचं काम जास्त करून मराठीत, पत्रिका मात्र बऱ्याचदा दोन्ही भाषांत. मजकूर गिऱ्हाइकाला कागदावर काढून दाखवायचा, दुरुस्त्या करून घ्यायच्या आणि मग बेळगावला छापखान्यात न्यायचा, असा त्यांचा शिरस्ता.

दिरांचा संगणक जुना, ३२-बिट विंडोज ७ चा. तो बदलता येत नाही याला कारण आहे. त्यांच्या वर्षानुवर्षांच्या फाइली पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, अक्षरं श्रीलिपी या मराठी अक्षरांच्या सॉफ्टवेअरची आहेत आणि त्या सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक त्याच मशीनला लावलेलं आहे. आज पत्रिका करायला आलेल्या घराची दहा वर्षांपूर्वीची पत्रिका तिथे सापडते, आणि गिऱ्हाईक त्यासाठीच परत येतं. वहिनींचा संगणक अलीकडचा, विंडोज ११ प्रोचा, सोबत यूपीएस. प्रिंटर मात्र दोघांत एकच. काळा-पांढरा, छोटा लेझर, मागे एकच यूएसबीचं तोंड, ना वायफाय ना नेटवर्कचं भोक. तो भरवशाचा होता आणि त्याचं टोनर खानापुरात कुठेही भरून मिळायचं, म्हणून तो काढून टाकायचा विचार कुणाच्या मनात नव्हता.

अडचण

प्रिंटर दिरांच्या संगणकाला जोडलेला होता. दुकानात आधी तोच संगणक आला, म्हणून प्रिंटरही त्यालाच लागला. वहिनींना प्रिंट हवी असली की फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची, आत जायचं, दिरांना हातातलं काम थांबवायला लावायचं आणि प्रिंट घेऊन बाहेर यायचं. दीर दुपारी बेळगावला गेले की त्यांचा संगणक बंद. पासवर्ड नव्हताच, त्यामुळे वहिनी तो सुरू करू शकत होत्या, पण जुनं मशीन उठेपर्यंत काउंटरवर रांग लागायची. "प्रिंट आतेन्री?" (झाली का हो प्रिंट?) असं विचारत माणसं पार्टिशनच्या आत डोकवायची.

"भाऊजी, जाताना मशीन चालू ठेवून गेलासा तर काय बिघडतंय?" हा वहिनींचा प्रश्न, आणि "लाइट गेली की बंदच पडतंय की वहिनी," हे दिरांचं उत्तर. दोघांचंही खरं होतं. आतल्या मशीनला यूपीएस नव्हता आणि खानापूर भागात पावसाळ्यात वीज जाणं नवं नाही.

पेनड्राइव्हचा त्रास उलट्या दिशेनंही होता. कधी दीर बाहेर असताना यात्रेच्या पत्रकाची प्रत मागायला कुणी आलं, तर वहिनींच्या संगणकावर ती फाइल उघडून उपयोग नसायचा. श्रीलिपीची अक्षरं त्या मशीनवर नाहीत, त्यामुळे मराठी मजकुराच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसायची. शिवाय गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह दोन्हीकडे फिरत होते, आणि विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपल्यापासून आतल्या मशीनला सुरक्षेची दुरुस्ती मिळत नव्हती. आधार कार्डं, बँक पासबुकं, जमिनीचे कागद हाताळणाऱ्या दुकानात ही गोष्ट हलक्यात घेण्यासारखी नाही.

आधी झालेला प्रयत्न

ही जोडणी करून द्यायला मला बोलावण्याआधी एका ओळखीच्या मुलानं प्रयत्न करून पाहिला होता. दोन्ही संगणक इंटरनेटच्या राउटरला केबलनं जोडलेले होतेच. त्यानं आतल्या विंडोज ७ वर प्रिंटर शेअर केला आणि बाहेरच्या विंडोज ११ वरून तो जोडायला गेला. विंडोज ११ नं नाव आणि पासवर्ड मागितला. आतल्या संगणकाला पासवर्ड नाही, म्हणून रकाना रिकामा ठेवला, तर प्रवेश नाही. मग त्यानं पासवर्डची सक्तीच काढून टाकली, तरी प्रवेश नाही.

दोन्ही वेळी विंडोज ठरल्याप्रमाणेच वागत होतं. ज्या खात्याला पासवर्ड नाही, ते खातं विंडोजमध्ये फक्त त्या संगणकासमोर बसून वापरता येतं. नेटवर्कवरून त्याला दार बंद असतं. पासवर्डची सक्ती काढली की बाहेरून येणारा पाहुणा म्हणून ओळखला जातो, आणि २०२४ साली आलेल्या विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून संगणक अशा पाहुण्या-जोडणीवर विसंबायला नकार देतो. मुलानं बऱ्याच खटपटी करून शेवटी हात टेकले. जाताना त्यानं एक उपाय सुचवला होता, विंडोज ११ ची सुरक्षा दुरुस्ती काढून टाकायची आणि अपडेट बंद करायचं. वहिनींनी त्याला थांबवलं. "ह्यात लोकांचे आधार नंबर आहेत, मला न कळता काही काढायचं नाही," असं त्या म्हणाल्या. या साऱ्या प्रकरणातला तो पहिला चांगला निर्णय, आणि तो संगणकाचं शिक्षण न घेतलेल्या बाईंनी घेतला.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे यूएसबी स्विच. छोटी डबी, दोन संगणकांच्या वायरी आत, प्रिंटरची एक बाहेर, बटण दाबलं की प्रिंटर या बाजूचा त्या बाजूला. यात पासवर्ड नाही, नेटवर्क नाही, दुसरा संगणक चालू असण्याची गरज नाही. दोन टेबलं शेजारी-शेजारी असती तर मी दुसरं काही सुचवलंच नसतं. इथे वायर पार्टिशनला वळसा घालून न्यावी लागत होती आणि यूएसबी २ ची साधी वायर ५ मीटरपर्यंतच भरवशाची. त्याहून मोठी अडचण माणसांची होती. एकाचं वीस पानी काम चालू असताना दुसऱ्यानं बटण दाबलं की काम मध्येच तुटतं, आणि पार्टिशनमुळे पलीकडे काय चाललंय ते दिसत नाही.

दुसरा पर्याय प्रिंट सर्व्हरचा, म्हणजे प्रिंटरची यूएसबी वायर ज्या डबीत लावायची ती डबी थेट राउटरला. मग कुणाचाच संगणक चालू ठेवावा लागत नाही. पण असे स्वस्त लेझर प्रिंटर पानाची मांडणी स्वतः करत नाहीत. ते काम संगणकातला ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, करतो आणि प्रिंटरशी सतत दुतर्फा बोलत राहतो. पुष्कळ प्रिंट सर्व्हरांना हे बोलणं पेलत नाही. डबी घेण्याआधी तिच्या यादीत आपलं मॉडेल आहे का ते बघावं लागतं, आणि यांचं मॉडेल मिळत असलेल्या डबीच्या यादीत नव्हतं.

तिसरा पर्याय नवा नेटवर्क प्रिंटर. निर्विवाद हाच सरळ उपाय. पण चांगला चालू असलेला प्रिंटर बाजूला सारून पंधरा-वीस हजार घालायचे, तेही लग्नसराईच्या तोंडावर कागद-शाईची उधारी असताना, हे दोघांनाही पटत नव्हतं. त्यात नव्या प्रिंटरला ३२-बिट विंडोज ७ चा ड्रायव्हर मिळेलच याची खात्री नाही. दिरांचं काम तिथेच अडकलं असतं.

चौथा पर्याय जुना दुसरा प्रिंटर विकत घेण्याचा. दोन टोनर, दोन ड्रम, दुरुस्त्या दोन, आणि गाळ्यात जागा नाही. त्यावर फार चर्चा झाली नाही.

राहिला पाचवा, विंडोजमधूनच शेअर करण्याचा. तो आधी फसला होता म्हणून दिरांचा त्यावर विश्वास उरला नव्हता.

कळीचा निर्णय: प्रिंटर कुणाच्या टेबलाला

तोपर्यंत सगळी चर्चा "जोडायचं कसं" यावरच चालली होती. प्रिंटर कुणाच्या संगणकाला असावा, हे कुणी विचारलंच नव्हतं. तो आत होता म्हणून आतच राहणार असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं.

शेअरिंगमध्ये प्रिंटर ज्या संगणकाला जोडलेला असतो तो यजमान. यजमान बंद, झोपलेला किंवा अडकलेला असला की दुसऱ्याला प्रिंट नाही. म्हणून यजमान ठरवताना मी तीन गोष्टी बघतो: दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत कुठला संगणक चालू असतो, वीज गेल्यावर कुठला टिकतो, आणि कुणाच्या गिऱ्हाइकाला थांबवता येत नाही. तिन्हींचं उत्तर इथे एकच होतं. वहिनी सकाळी शटर उघडल्यापासून संध्याकाळपर्यंत टेबलावर असतात, यूपीएस त्यांच्याकडे आहे, आणि दाखल्यासाठी बस पकडून आलेला माणूस काउंटरवर उभा असतो. पत्रिकेची प्रूफ, म्हणजे तपासायची कच्ची प्रत, अर्ध्या तासानं निघाली तरी चालते.

दिरांना हे मान्य करायला वेळ लागला. प्रिंटर त्यांच्या पैशातून आलेला, त्याची साफसफाई तेच करतात, आणि प्रूफ घ्यायला दर वेळी उठून बाहेर यावं लागणार. तो हिशोबही खरा होता. शेवटी पार्टिशनला प्रिंटरच्या उंचीवर एक चौकोनी खिडकी कापायची ठरली. प्रिंटर त्या खिडकीत, फळीवर, तोंड बाजूला करून ठेवला. दोघांचाही हात खुर्चीतून पोचतो. सुताराला फारसं काम नव्हतं, पण तडजोड टिकली ती या खिडकीमुळे.

प्रत्यक्षात काय केलं

आधी या प्रिंटरचा ६४-बिट ड्रायव्हर विंडोज ११ वर नीट चालतो ना ते यूएसबी लावून पाहिलं. चालला. तो चालला नसता तर पुढचं काहीच करण्यात अर्थ नव्हता. मगच फळी बसवली.

वहिनींच्या संगणकावर नेटवर्क 'पब्लिक' म्हणून नोंदलेलं होतं. बसस्टँडवरच्या वायफायला जशी सावधगिरी, तशीच विंडोज अशा नेटवर्कवर बाळगतं आणि शेअरिंग झाकून ठेवतं. ते 'प्रायव्हेट' केलं. प्रिंटर शेअर केला आणि शेअर-नाव लहान, एका शब्दाचं ठेवलं. मग त्याच संगणकावर फक्त छपाईसाठी एक वेगळं साधं खातं उघडलं, त्याला पासवर्ड दिला. वहिनी स्वतः ज्या ई-मेलच्या खात्यानं संगणक उघडतात, त्याचा पासवर्ड आतल्या मशीनवर साठवून ठेवणं बरोबर नव्हतं. त्या जुन्या मशीनमध्ये काही शिरलं तर त्याच्या हाती फक्त छपाईची किल्ली लागावी, घराची नाही.

राउटरमध्ये वहिनींच्या संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवर तो ज्या क्रमांकानं सापडतो तो) कायमचा राखून ठेवला. हे केलं नाही की वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलण्याची शक्यता राहते, मग प्रिंटर "कालपर्यंत चालत होता" अशी तक्रार येते आणि कारण कुणालाच सापडत नाही.

आता विंडोज ७ ची बाजू. नेहमीच्या रीतीनं शेअर केलेला प्रिंटर जोडायला गेलो तेव्हा अपेक्षेप्रमाणे शेवटी ११बी असलेला एरर आला. त्यामागची गोष्ट अशी. विंडोजच्या छपाई-व्यवस्थेत २०२१ साली एकामागून एक कच्चे दुवे बाहेर आले. जानेवारीत एकाची दुरुस्ती आली आणि सप्टेंबरपासून ती सक्तीची झाली: यजमानाशी बोलणाऱ्या दुसऱ्या संगणकानं अधिक सुरक्षित पद्धतीनंच बोललं पाहिजे. ज्या विंडोज ७ ला २०२० नंतर दुरुस्त्या मिळाल्याच नाहीत, त्याला ही नवी बोली येत नाही. ओळखीच्या मुलानं सुचवलेला उपाय याच जातीचा होता. यजमानाची ही सक्ती रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीतून) उठवता येते, आणि एरर जातो. पण मग नव्या, सुरक्षित संगणकाला जुन्याच्या पातळीवर आणून बसवल्यासारखं होतं.

त्याऐवजी दुसरी वाट घेतली. प्रिंटर आधी आतल्या संगणकालाच यूएसबीनं लावलेला होता, त्यामुळे त्याचा ३२-बिट ड्रायव्हर तिथे होताच. तो तसाच ठेवला. मग नवा प्रिंटर जोडताना 'लोकल प्रिंटर' निवडला, 'क्रिएट अ न्यू पोर्ट'मध्ये 'लोकल पोर्ट' (पोर्ट म्हणजे प्रिंट ज्या वाटेनं जाते ती) घेतला आणि पोर्टच्या नावाच्या जागी दोन उलट्या तिरक्या रेघा, वहिनींच्या संगणकाचा आयपी पत्ता, पुन्हा एक उलटी रेघ आणि प्रिंटरचं शेअर-नाव लिहिलं. ड्रायव्हर विचारल्यावर आधीच बसलेला निवडला. छपाईच्या खात्याचं नाव-पासवर्ड क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या पासवर्ड ठेवायच्या कप्प्यात, साठवलं. या रीतीत विंडोज ७ स्वतःच्या ड्रायव्हरनं पान तयार करतं आणि तयार माल एखादी फाइल पाठवावी तसा शेअरकडे सोडतं. यजमानाकडे ३२-बिट ड्रायव्हर मागायची गरज पडत नाही आणि ११बीची अडचणही वाटेत येत नाही. चाचणीचं पान खिडकीतून बाहेर आलं तेव्हा दीर उठून उभे राहिले.

एक गोष्ट त्याच वेळी करून घेतली, आणि माझ्या मते ती प्रिंटरइतकीच महत्त्वाची. आतल्या संगणकाला हातानं कायम आयपी पत्ता दिला आणि 'डिफॉल्ट गेटवे'चा (इंटरनेटकडे जायच्या दाराचा) रकाना रिकामा ठेवला. गेटवे नाही म्हणजे तो संगणक दुकानातल्या नेटवर्कवर बोलतो, पण नेहमीच्या आयपीव्ही४ च्या वाटेनं इंटरनेटवर जाऊ शकत नाही (राउटर आयपीव्ही६ ही देत असेल तर ते वेगळं बंद करावं लागतं). गेटवे नसल्यामुळे विंडोज ७ ते नेटवर्क अनोळखी समजून 'पब्लिक' ठरवतं. इथे त्यानं काही अडत नाही, कारण हा संगणक आता कुणाचा यजमान नाही. तो फक्त बाहेर प्रिंट पाठवतो. प्रिंटर आत ठेवला असता तर ही सोय मिळाली नसती.

गिऱ्हाइकाचे व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आणि मजकूर आता वहिनींच्या संगणकावर उतरतात, तिथे तपासले जातात आणि एका शेअर फोल्डरमधून आत जातात. दिरांनी तयार पत्रकं अक्षरं आत बसवलेल्या पीडीएफच्या रूपात त्याच फोल्डरमध्ये ठेवायची, म्हणजे ते बेळगावला असले तरी वहिनींना यात्रेच्या पत्रकाची प्रत काढून देता येते. आधार कार्डाच्या प्रती मात्र या फोल्डरमध्ये ठेवायच्या नाहीत, हे ठरवून घेतलं.

सुरू झाल्यावर उघडी पडलेली अडचण

प्रिंटर चालू लागला आणि मग खरा घोळ झाला. वहिनींनी प्रतिज्ञापत्रासाठी ई-स्टँपचा कागद ट्रेमध्ये घातला, मजकूर एकदा वाचून घ्यावा म्हणून त्या थांबल्या, तेवढ्यात आतून दिरांनी पत्रिकेची प्रूफ सोडली. स्टँपच्या कागदावर 'श्री गणेशाय नमः' आणि वधू-वरांची नावं. कर्नाटकात फेब्रुवारी २०२४ पासून प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क २० वरून १०० रुपये झालेलं आहे. शंभर रुपये गेलेच, शिवाय गिऱ्हाइकाला नवा स्टँप काढायला पुन्हा पाठवावं लागलं.

आधी असं होत नव्हतं, कारण प्रिंटर एका वेळी एकाच माणसाच्या हातात असायचा. पेनड्राइव्ह घेऊन आत जाण्याचा जो त्रास होता, त्याच त्रासात एक शिस्तही लपलेली होती. ती गेली, तिची जागा भरणारं काही आम्ही ठेवलेलं नव्हतं.

उपाय यजमानाच्या संगणकावरच सापडला. एकाच प्रिंटरच्या त्याच पोर्टवर विंडोजमध्ये दोन नोंदी, म्हणजे कामांच्या दोन वेगळ्या रांगा, करता येतात. एक 'साधा' नावाची, शेअर केलेली, दिरांची कामं तिच्यातून येतात. दुसरी 'स्टँप' नावाची, शेअर न केलेली, फक्त वहिनींसाठी, आणि तिच्यात 'मॅन्युअल फीड' कायमचं लावलेलं. स्टँपचा कागद हातात घेण्याआधी वहिनींनी 'साधा' रांगेवर उजवी क्लिक करून 'पॉज' करायचं. मग आतून कितीही कामं आली तरी ती यजमानात थांबून राहतात, 'स्टँप' रांगेतला कागद निघतो आणि नंतर 'साधा' पुन्हा सोडायची.

यातून दोन आनुषंगिक गोष्टी सांभाळाव्या लागल्या. विंडोज ११ मध्ये शेवटी वापरलेल्या प्रिंटरला आपोआप नेहमीचा प्रिंटर ठरवण्याची सोय असते. ती चालू राहिली असती तर 'स्टँप' एकदा वापरल्यावर पुढचा पहाणी उतारा त्याच रांगेत गेला असता. ती बंद करून 'साधा' हाच नेहमीचा ठेवला. दुसरी गोष्ट आतल्या टेबलाची. लोकल पोर्टच्या रीतीत काम एकदा यजमानाकडे पोचलं की विंडोज ७ च्या लेखी ते झालं. बाहेर रांग थांबवलेली आहे हे तिथे दिसत नाही. दीर कागद आला नाही म्हणून तीच प्रूफ पुन्हा पुन्हा सोडायचे आणि रांग मोकळी होताच सगळ्या प्रती एकदम बाहेर. आता खिडकीतून विचारल्याशिवाय दुसऱ्यांदा पाठवायचं नाही असा दोघांत करार आहे. तंत्रानं हे सोडवता आलं असतं, पण दोन हातांवर माणूस बसलेला असताना त्याची गरज नव्हती.

वीज आणि पाऊस

प्रिंटर वहिनींच्या टेबलाकडे आल्यावर तो यूपीएसला लावावा अशी कल्पना निघाली. ती तिथेच थांबवली. लेझर प्रिंटर शाई पक्की करण्यासाठी रूळ तापवतो तेव्हा एकदम मोठा करंट ओढतो. संगणकाच्या छोट्या यूपीएसला तो झेपत नाही आणि संगणकही सोबत बंद पडतो. प्रिंटर भिंतीवरच्या वेगळ्या सॉकेटवर, संगणक आणि राउटर यूपीएसवर अशी मांडणी केली. वीज गेली तरी वहिनी अर्ज भरत राहतात, प्रिंटची कामं रांगेत साठतात आणि लाइट आली की निघतात.

जांबोटी-कणकुंबीच्या बाजूचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना कागदाचं वेगळं सांगायला नको. दमट कागद रुळात चिकटतो, वळतो, दोन-दोन ओढला जातो. दोघं मिळून वापरू लागल्यावर रिम उघडी राहण्याचं प्रमाण वाढलं, कारण ती बंद करणं हे कुणा एकाचं काम उरलं नाही. आता ट्रेमध्ये दिवसाला लागेल तेवढाच कागद असतो आणि उरलेली रिम झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात.

निष्पत्ती

पेनड्राइव्ह घेऊन आत-बाहेर करणं थांबलं. दीर बेळगावला गेले तरी काउंटर चालतो. वहिनींनी सुरुवातीला 'पॉज'ची चिठ्ठी मॉनिटरला चिकटवली होती, आता ती लागत नाही. त्यानंतर स्टँपचा कागद वाया गेलेला नाही. विंडोज ११ च्या अपडेटची वेळ दुकानाच्या तासांबाहेर ठेवली आहे आणि संगणकाचं आपोआप झोपणं बंद केलं आहे. या दोन्ही गोष्टी विसरल्या असत्या तर पहिल्याच बाजाराच्या दिवशी प्रिंटर "गायब" झाला असता.

ज्या दिवशी वहिनी सुट्टीवर असतात त्या दिवशी दिरांना बाहेरचा संगणकही चालू करावा लागतो. ती गैरसोय उरलीच. आधी वहिनींना जे रोज सोसावं लागत होतं ते आता दिरांना क्वचित सोसावं लागतं.

वेगळं काय करता आलं असतं

स्टँप आणि साध्या कागदाच्या दोन रांगा पहिल्याच दिवशी करायला हव्या होत्या असं दीर म्हणतात, आणि ते बरोबर आहे. दोन माणसं एकाच ट्रेवर येणार हे ठरल्याबरोबर "या ट्रेमध्ये साध्या कागदाशिवाय काय-काय जातं?" हा प्रश्न विचारता येतो. प्रतिज्ञापत्रं हे दुकानाचं रोजचं काम होतं. उत्तर समोरच होतं.

ओळखीच्या मुलाच्या प्रयत्नातही दिशा बदलायची संधी होती. जुना संगणक यजमान आणि नवा पाहुणा, ही जोडी उलटी करून पाहण्याचा विचार तेव्हाच झाला असता तर पासवर्डच्या खटपटीत गेलेली संध्याकाळ वाचली असती. नव्या विंडोजनं जुन्यावर विश्वास ठेवावा यासाठी धडपडण्यापेक्षा जुन्यानं नव्याकडे ओळख दाखवून जावं, हे सोपं आणि सुरक्षित.

यूएसबी स्विचचा पर्याय आम्ही लवकर सोडला का, यावर मतभेद आहेत. खिडकी कापल्यावर प्रिंटर दोन्ही टेबलांच्या मधोमध आला, वायरचं अंतर ५ मीटरच्या आत आलं आणि पलीकडचं दिसूही लागलं. म्हणजे स्विचच्या विरुद्धची दोन्ही कारणं सुताराच्या कामानं गेली. वहिनी सुट्टीवर असण्याची गैरसोयही त्यात उरत नाही. माझा कल तरीही शेअरिंगकडेच आहे, कारण स्टँपच्या वेळी रांग थांबवून ठेवण्याची सोय स्विचमध्ये मिळत नाही. तिथे बटण दाबून दुसऱ्याचं काम तोडावं लागतं. पण ज्या दुकानात स्टँपचं काम नाही आणि दोन टेबलं हाताच्या अंतरावर आहेत, तिथे आधी खिडकी कापावी आणि स्विच घ्यावा.

पुढच्या खर्चाचं दोघांनी ठरवून ठेवलं आहे. या प्रिंटरचा रूळ तापवणारा भाग गेला तर दुरुस्तीत पैसे घालायचे नाहीत, केबलनं नेटवर्कला जोडता येणारा प्रिंटर घ्यायचा. घेण्याआधी त्याला ३२-बिट विंडोज ७ चा ड्रायव्हर आहे का ते बघायचं. नसला तर आतल्या टेबलावरून पीडीएफ शेअर फोल्डरमध्ये ठेवून ती वहिनींच्या संगणकावरून काढायची. त्याची सवय दिरांनी आतापासूनच लावून घेतली आहे. मोठ्या पत्रिकांच्या प्रूफा ते हल्ली तशाच पाठवतात.